चांदी काळी पडली म्हणजे खोटी नव्हे. पैंजण घेताना चमक नको, टंच विचारा

सोलापूरच्या सराफ कट्ट्यावर लग्नसराईत एक तक्रार हमखास कानावर पडते : "दोन महिन्यांत काळे पडले, चांदी खोटी निघाली." पैंजण काउंटरवर ठेवले जातात, दुकानातला पोऱ्या ते घासून लख्ख करून आणतो आणि ग्राहक समाधानाने घरी जातो. या सगळ्या बोलण्यात मुद्द्याची गोष्ट मात्र कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. पैंजण काळे का पडले, हा रसायनाचा साधा प्रश्न आहे. त्यात चांदी किती, हा पैशाचा. पहिल्याची चर्चा घरोघरी होते, दुसऱ्याचे उत्तर अनेकदा बिलावरही नसते.

चांदी स्वस्त होती तोवर हे चालून गेले. पायात घालायचा दागिना, झिजणारच, मोडीत थोडे कमी आले तर आले, असा हिशेब होता. आता तो चालणार नाही. एक किलो चांदीने २०२४ मध्ये एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि २०२५ संपता संपता दोन लाखांचा. त्यात २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला निरांजन, नाहीतर चांदीचे फुलपात्र आणि लेकीला जोडवी देण्याची रीत पाळणाऱ्या घरांना या वेळी चांगलाच चटका बसणार. वस्तू तीच, रीत तीच, पण फसगत झाली तर नुकसान आता शेकड्यात नाही, हजारांत मोजावे लागते.

टंच म्हणजे काय?

सराफी बाजारात चांदीची शुद्धता टंचात सांगतात. शंभर भाग धातूत चांदी किती भाग, तो टंच. साठ टंच म्हणजे शंभरात साठ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबे. साडेब्याण्णव टंच म्हणजेच दुकानाच्या पाटीवरचे '९२५' किंवा स्टर्लिंग. नव्व्याण्णवच्या पुढची चांदी शिक्क्यांत, नाण्यांत आणि काही पूजेच्या वस्तूंत मिळते.

कमी टंच म्हणजे आपोआप फसवणूक, असे मात्र नाही. शुद्ध चांदी फार मऊ असते. तिच्या बारीक कड्या विणून पैंजण केले तर चार दिवसांत कड्या उघडतील आणि घुंगरू गळून पडतील. रोज चालणाऱ्या, फरशीवर घासणाऱ्या पायातल्या दागिन्याला तांब्याची ताकद लागतेच. शिवाय प्रत्येक जोडाला डाग लागतो आणि डागाचा टंच मूळ चांदीपेक्षा कमी असतो. जेवढी नक्षी बारीक आणि जोड जास्त, तेवढा डाग जास्त. म्हणून साध्या वाळ्यापेक्षा घुंगरांनी भरलेल्या पैंजणाचा एकूण टंच खाली येऊ शकतो.

फसवणूक होते ती न सांगण्यात. आकडे घेऊन पाहिले की हे नीट कळते. हिशेब सोपा व्हावा म्हणून चांदीचा दर ग्रॅमला २०० रुपये धरू. वीस भाराचे, म्हणजे २०० ग्रॅमचे पैंजण शुद्ध चांदीच्या दराने वजन लावून दिले तर ४० हजार रुपये झाले, मजुरी आणि तीन टक्के जीएसटी वेगळा. ते पैंजण साठ टंच असतील तर आत चांदी १२० ग्रॅम, म्हणजे २४ हजारांची. मधले १६ हजार रुपये तांब्याला चांदीच्या भावाने मोजले गेले. ही तफावत दुकानातून बाहेर पडताना दिसत नाही. ती दिसते पाच-सात वर्षांनी, घरात दवाखाना निघतो, मुलाची फी भरायची असते आणि पैंजण मोडीला येतात तेव्हा.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत राबणारी घरे आहेत. सोन्याचा दागिना यांतल्या अनेक घरांच्या आवाक्याबाहेर गेला, त्याला आता बरीच वर्षे झाली. बाईच्या स्वतःच्या नावाची, कोणाला न विचारता मोडता येणारी शिल्लक म्हणजे पायातली आणि कमरेची चांदी. मराठीत चांदी, कन्नडमध्ये बेळ्ळी आणि तेलुगूत वेंडी; या शहरात तिन्ही भाषांत ती मागितली जाते. त्या शिल्लकीचा चाळीस टक्के भाग तांबे असेल, तर ते तिला घेतानाच कळायला हवे.

नवे पैंजण पांढरेशुभ्र का दिसते?

कमी टंचाची चांदी रंगाने किंचित पिवळट-लालसर दिसायला हवी. दुकानात तसे दिसत नाही, कारण घडवून झाल्यावर दागिना तापवून तेजाबाच्या सौम्य पाण्यात उजळतात. तापल्यावर पृष्ठभागावरच्या तांब्याचे ऑक्साइड होते, तेजाब ते विरघळवून टाकते आणि वर जवळपास शुद्ध चांदीची तलम कातडी उरते. त्यामुळे साठ टंच आणि नव्वद टंच हे दोन्ही दागिने नवेपणी सारखेच पांढरे दिसतात. रंग पाहून चांदी ओळखतो, असे सांगणाऱ्या घरातल्या जाणत्यांचा अंदाज इथेच चुकतो.

बऱ्याच पेढ्यांवर आता टंच मोजायचे मशीन आहे. क्ष-किरणांवर चालणारे हे यंत्र उपयोगी आहे आणि दागिना न मोडता मिनिटभरात आकडा देते. पण ते वाचते फक्त पृष्ठभागाजवळचा पातळ थर. वर शुद्ध कातडी असेल किंवा मुलामा दिलेला असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा चढा येतो. म्हणून मशीनचा आकडा घेताना दागिन्याच्या दोन-तीन ठिकाणी, त्यातही झिजलेल्या किंवा किंचित घासलेल्या जागेवर घ्यायला सांगावे. आणि डागाच्या जागेवरचा आकडा कमी आला म्हणून लगेच भांडू नये, तो तिथे कमीच असतो.

लोहचुंबकाची परीक्षा मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंची लाडकी आहे. चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे खरे. पण तांबे, पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. म्हणजे चिकटले तर खोटी एवढेच ठरते, चिकटले नाही तर काहीच ठरत नाही. बर्फाचेही तेच. चांदी उष्णता फार वेगाने वाहून नेते, म्हणून तिच्यावर ठेवलेला बर्फ भराभर वितळतो. पण तांबेही तिच्या पाठोपाठच आहे. या परीक्षेत मुलाम्याचे तांबे सहज पास होते.

घरच्या घरी करता येणारी त्यातल्या त्यात भरवशाची परीक्षा वजन-आकारमानाची. दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणायचा. मग वस्तू दोऱ्याला बांधून तळाला किंवा कडेला टेकू न देता पूर्ण बुडवायची. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल, तेवढे तिचे आकारमान घन सेंटिमीटरमध्ये. शुद्ध चांदीची घनता १०.४९, म्हणजे १०० ग्रॅमच्या शुद्ध वस्तूला काटा साधारण साडेनऊ दाखवेल. साठ टंच चांदी आणि बाकी तांबे असेल तर १०.२ च्या आसपास, जर्मन सिल्व्हरला साडेअकराच्या जवळ. पोकळ वस्तू, लाख भरलेले दागिने आणि खड्यांची नक्षी यांना हे लागू पडत नाही, आणि दोन-चार टंचाचा फरक तर मुळीच कळणार नाही. पण ताट-वाटी-पेल्याच्या नावाखाली दुसराच धातू गळ्यात पडला आहे का, हे नक्की कळते.

नावात सिल्व्हर, वस्तूत शून्य

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. थोडीसुद्धा नाही. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. दिसायला देखणा, देवघरातल्या सजावटीला आणि वाणाच्या वस्तूंना चांगला. स्वस्त वस्तू स्वस्त म्हणून घेण्यात गैर काहीच नाही. निकेलची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना मात्र अशा धातूच्या दागिन्याने खाज येते आणि पुरळ उठते, म्हणून तान्ह्या बाळाच्या वाळ्या-मनगट्यांसाठी तो नको.

'ऑक्सिडाइज्ड' हा शब्दही असाच गोंधळ घालतो. खऱ्या चांदीला गंधकाच्या द्रावणात मुद्दाम काळपट करून नक्षी उठवलेली असते, तेही ऑक्सिडाइज्ड; आणि जत्रेत शे-दोनशे रुपयांना मिळणारे झुमकेही ऑक्सिडाइज्डच. दुसऱ्यात चांदी शोधू नये. भेटवस्तूंच्या दुकानातल्या चकचकीत 'चांदीच्या' मूर्तींची तऱ्हा तिसरी. आत राळेचा साचा, वर चांदीचा अतिपातळ पत्रा. त्यावर ९९९ लिहिलेले असते ते खोटेही नसते, कारण तो पत्रा शुद्धच असतो! फक्त तो किती ग्रॅम आहे, हे विचारायचे राहून जाते. अशा वस्तूची किंमत मूर्तीची असते, मोड शून्य.

हॉलमार्क : आहे, पण सक्तीचा नाही

सोन्याच्या दागिन्यांना जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. चांदीचा हॉलमार्क २००५ पासून अस्तित्वात आहे, तरी तो ऐच्छिकच राहिला. बदल झाला तो १ सप्टेंबर २०२५ पासून. भारतीय मानक ब्युरोने चांदीच्या वस्तूंनाही एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा स्वतंत्र सहा अक्षर-अंकी क्रमांक देणे सुरू केले. खुणा तीन : ब्युरोच्या चिन्हाबरोबर 'सिल्व्हर' हा शब्द, शुद्धतेचा आकडा (८००, ८३५, ९२५, ९७०, ९९० वगैरे) आणि एचयूआयडी. हा क्रमांक मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की वस्तू कोणत्या प्रकारची, किती शुद्धतेची, कोणत्या केंद्रात तपासलेली, हे दिसते. पैंजणाचा क्रमांक टाकल्यावर अ‍ॅपमध्ये अंगठी दिसली, तर तिथेच थांबावे.

नुसता '९२५' असा ठसा म्हणजे हॉलमार्क नव्हे. तो ठसा कोणीही मारू शकतो.

हॉलमार्कचा खरा फायदा कमी लोकांना माहीत आहे. खूण असलेली वस्तू सांगितल्यापेक्षा कमी शुद्ध निघाली, तर २०१८ च्या नियमांनुसार ग्राहकाला तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो. वरच्याच दराने : ९२५ ची खूण असलेले २०० ग्रॅमचे पैंजण ८०० निघाले, तर तूट २५ ग्रॅम, म्हणजे पाच हजार रुपये आणि भरपाई दहा हजार. खूणच नसेल, तर भांडण फक्त बिलाच्या जोरावर. बिलही नसेल, तर शब्दाला शब्द.

मग सक्ती का नको? विरोधातला युक्तिवाद पोकळ नाही. राज्यातल्या पैंजणांचे माहेर म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातली हुपरी. तिथे एक पैंजण एका छताखाली तयार होत नाही. व्यापाऱ्याकडून चांदी घेऊन माल घडवून देणारे धडी उत्पादक, तार ओढणारे, कड्या जोडणारे, डाग देणारे, घुंगरू करणारे, उजळणारे. कामाची एकेक पायरी एकेका घरात होते आणि त्यातले बरेचसे बायका घरी बसून करतात. प्रत्येक जोडाला केंद्रावर नेऊन खूण मारून आणायची, तर वेळ आणि पैसा दोन्ही लागणार. दोन ग्रॅमच्या जोडव्यावर सहा अक्षरे कोरायची कुठे, हाही प्रश्न आहे.

पण जोडव्याला जागा नाही म्हणून वीस भाराच्या पैंजणालाही सूट, हे कारण होऊ शकत नाही. ठरावीक वजनाच्या वरची भांडी, कमरपट्टे आणि पैंजण यांना आधी सक्ती करून बारीक मालाला मुभा ठेवता येईल. सोन्यातही दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना सूट आहेच. आणि खूण मारण्याचा खर्च कारागिराच्या मजुरीतून नव्हे, विकणाऱ्याच्या नफ्यातून जावा, एवढे पाहिले पाहिजे. उलट, टंच उघड झाला तर त्याचा फायदा हुपरीच्या प्रामाणिक कारागिरालाच होईल. आज त्याचा ऐंशी टंचाचा माल आणि दुसऱ्याचा पन्नास टंचाचा माल एकाच काचेखाली, एकाच भावात विकला जातो आणि घासाघीस होते ती मजुरीवर.

सक्ती येईल तेव्हा येईल. तोवर ग्राहकाच्या हातात बिल आहे. वजन, टंच, त्या दिवशीचा दर, मजुरी आणि जीएसटी हे पाच आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. परत आणले तर कोणत्या टंचाने आणि किती तूट धरून घेणार, हेही त्याच कागदावर. 'आपल्याकडे असं लिहून देत नाहीत' हे उत्तर मिळाले, तर कट्ट्यावर दुकाने भरपूर आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

बिलाला आता आणखी एक कारण मिळाले आहे. रिझर्व्ह बँकेने सोने-चांदी तारण कर्जाचे नवे निर्देश काढले असून त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली आहे. त्यानुसार चांदीचे दागिने दहा किलोपर्यंत आणि नाणी ५०० ग्रॅमपर्यंत तारण ठेवता येतात आणि अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मूल्य अर्थातच आतल्या चांदीचे, तांब्याचे नव्हे. शुद्धतेची तपासणी कर्जदारासमोर व्हायला हवी, असेही हे निर्देश सांगतात. घरातल्या पैंजणाचा टंच काही जणींना आयुष्यात पहिल्यांदा कळेल तो बँकेच्या काउंटरवर.

काळेपणाचा दोष कोणाचा?

आता त्या काळ्या पैंजणाकडे. हवेत गंधकाची संयुगे अगदी थोड्या प्रमाणात असतात. चांदीचा आणि गंधकाचा संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. हे शुद्ध चांदीलाही होते. तांबे जास्त असेल तर थोडे लवकर होते, इतकेच. त्यामुळे काळी पडली म्हणून खोटी, हे चूक. आणि वर्षभर जराही काळी पडली नाही म्हणून खरी, हे त्याहून चूक. वर्षभर लख्ख राहणाऱ्या वस्तूवर ऱ्होडियमचा मुलामा असेल किंवा ती चांदीच नसेल. अंगात उष्णता वाढली, नजर लागली, ही कारणे घरातल्या मोठ्यांनी कितीही सांगितली, तरी घाम, साबण आणि हवा एवढ्यावरच प्रकरण मिटते. पारा चाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात घाम कमी नाही.

गंधक येतो कुठून, हे कळले की निम्मी निगा झाली. अंड्यात असतो, कांदा-लसणात असतो. म्हणून चांदीच्या चमच्याने बाळाला खिमट भरवावे, उकडलेले अंडे नको. रबरात असतो, पैंजणाच्या जोडीला रबरबँड लावून ठेवण्याची दुकानांची आणि घरांची सवय म्हणजे काळ्या पट्ट्याची हमी. लोकरीत असतो. आणि कापडाच्या या शहराने खास लक्षात ठेवावे असे, की सुती कापडाला स्वस्तात गडद काळा रंग देणारी एक मोठी रंगजात गंधकाचीच आहे. काळ्या-गडद रंगाच्या नव्या कापडात चांदी गुंडाळून कपाटात ठेवली, तर ती काळपटच निघणार. जुने, शंभर वेळा धुतलेले पांढरे धोतर या कामाला सर्वांत उत्तम. वर्तमानपत्रही नको, हे वर्तमानपत्रातच सांगावे लागते आहे.

ठेवताना वस्तू पूर्ण कोरडी हवी, प्रत्येक दागिना वेगळा आणि पिशवी हवाबंद. नव्या बुटाच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी आत टाकली तर दमटपणा कमी राहतो. रोज वापरातली चांदी मात्र कपाटातल्या चांदीपेक्षा कमी काळवंडते, कारण हाताळण्याने थर बसायला फुरसत मिळत नाही. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर निघणारे ताट जास्त काळे का, याचे उत्तर हेच.

घासायचे कशाने?

चांदी मऊ आहे, हे एक लक्षात ठेवले की काय टाळायचे ते आपोआप कळते. टूथपेस्ट, भांड्याची पूड, तारेची घासणी यांनी चमक लगेच येते, पण बारीक ओरखडेही येतात आणि त्या ओरखड्यांत पुढचा काळेपणा जास्त घट्ट बसतो. रांगोळीने निरांजन घासायची जुनी पद्धत आहे. दगडाची ती पूड, भरड असेल तर ओरखडतेच. पितळेच्या समईला चालेल, चांदीच्या टाकाला नको.

त्या मानाने विभूतीने घासण्याची पद्धत शहाणपणाची. इष्टलिंगाची चांदीची करडिगे असणाऱ्या सोलापुरातल्या घरांना हे सांगावे लागणार नाही. बारीक, मऊ विभूती ओल्या सुती कापडावर घेऊन हलक्या हाताने फिरवली की थर निघतो. संग्रहालयांत जुन्या चांदीसाठी अत्यंत बारीक खडूची पूड पाण्यात कालवून वापरतात, ती याच तत्त्वावर. फक्त विभूती चिमटीत घेऊन चोळून पाहावी. कचकच लागली तर कपाळालाच ठेवावी.

नेहमीच्या मळाला एवढेही लागत नाही. रिठ्याचे कोमट पाणी किंवा सौम्य साबण, जुना मऊ ब्रश आणि लगेच कोरडे पुसणे पुरे. 'लगेच' महत्त्वाचे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात धुण्याभांड्याला बोअरचे पाणी वापरले जाते आणि ते वाळले की क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात.

काळेपणा जाड असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, खाण्याचा सोडा आणि कडकडीत पाणी, हा उपाय खरोखर काम करतो. भांड्यात फॉइल पसरून त्यावर चांदी टेकवायची, सोडा टाकायचा आणि उकळते पाणी ओतायचे. गंधक चांदीला सोडून अ‍ॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागेवरच राहते. घासण्यात तर प्रत्येक वेळी थोडी चांदीही निघून जाते. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नये, गंधक निघाल्याची ती खूण. मोती, खडे, लाख भरलेले दागिने आणि मुद्दाम काळी केलेली नक्षी यांना मात्र हे पाणी लावू नये. ऑक्सिडाइज्ड कमरपट्टा या पाण्यातून अगदी कोरा पांढरा निघतो आणि त्याची सगळी शोभा जाते.

देवघरातल्या टाकांचा विचार वेगळा करावा. ते पातळ पत्र्याचे असतात, ठसा झिजला की देवाचे नाक-डोळे पुसट होतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वस्तू सपाट होऊन जाते. दही-पंचामृताच्या अभिषेकानंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडे करणे, हीच त्यांची निगा. खाचांतला थोडा काळेपणा राहू द्यावा, त्यानेच चेहरा उठून दिसतो.

पूजेच्या तबकातले राणीछाप रुपयेही घासू नयेत. व्हिक्टोरियाच्या काळातला खरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि शुद्धता सुमारे ९१.७ टक्के. संग्राहकाच्या लेखी घासून चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत उतरते. १९४० पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात मात्र चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया निकेलचा. 'जुना म्हणजे शुद्ध' या समजुतीवर हे रुपये शंभर टंचाच्या भावाने विकले जातात, तेव्हा आधी नाण्यावरचे साल वाचावे.

दारावर येणाऱ्या 'पॉलिशवाल्या'च्या हाती काहीच देऊ नये. तेजाबाच्या पाण्यात दागिना बुडवला की तो चमकून निघतो, पण वजन घटलेले असते आणि गेलेली चांदी त्या बाटलीत असते. पोलीस वर्षानुवर्षे हा इशारा देतात, तरी दुपारच्या वेळी एकट्या असलेल्या म्हाताऱ्या बाईच्या दारात हा प्रकार घडतोच. उजळून घ्यायचेच असेल तर ओळखीच्या पेढीवर, जाण्याआधी आणि आल्यावर वजन करून.

वजनाचीच गोष्ट मोडीच्या वेळी. पैंजण मोडायला नेताना जुने बिल सोबत असावे, आधी घरी किंवा दुसऱ्या काट्यावर वजन केलेले असावे आणि फासे-स्क्रूमध्ये स्टीलची स्प्रिंग असेल तर ती काढून मगच तोल करावा. मोठ्या वजनाची मोड असेल तर ती डोळ्यांसमोर आटवून, निघालेल्या लगडीचा टंच काढायला सांगता येतो. आटवल्यावर वजनात थोडी घट येते, कारण मळ आणि डागातले जस्त जळून जाते. ही घट किती धरणार, ते भट्टी पेटायच्या आधी विचारायचे.